व्हिडिओच्या जागी कोरा चौकोन: जुने टॅग आणि कधीच न दिसणारा पर्यायी मजकूर

टॅग म्हणजे व्हिडिओ, आवाज, फॉन्ट अशा गोष्टी पानावर कशा लावायच्या हे ब्राउझरला सांगणारी कोडमधली खूण, आणि पर्यायी मजकूर म्हणजे व्हिडिओ चालला नाही तर त्याच्या जागी दिसावी म्हणून लिहिलेली ओळ. आधी लक्षणं बघा. यातलं एखादं तुमच्या साइटवर दिसत असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- व्हिडिओच्या जागी करडा किंवा पांढरा चौकोन. क्रोममध्ये त्यावर फ्लॅश प्लेयर (ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालवणारा जुना प्रोग्राम) आता चालत नाही अशा अर्थाची ओळ.
- व्हिडिओपर्यंत पान व्यवस्थित, त्याखाली काहीच नाही. पत्ता, फोन नंबर, तळपट्टी, सगळं गायब.
- आवाज येतो, चित्र काळं.
- लॅपटॉपवर चालतं, आयफोनवर हलत नाही.
- व्हिडिओच्या चौकोनात तुमच्याच साइटचं मुखपृष्ठ लहान होऊन बसलंय.
- पीडीएफ संगणकावर दिसते, फोनवर तिथे रिकामी जागा.
- पूर्वी पान उघडलं की आरती वाजायची, आता शांतता.
- 'व्हिडिओ दिसत नसेल तर इथे क्लिक करा' ही ओळ कोडमध्ये आहे. व्हिडिओ दिसत नाही, आणि ती ओळही दिसत नाही.

मंडळं, शाळा, वाचनालयं, कीर्तनाच्या जुन्या ध्वनिफिती जपणारी हौशी माणसं, यांच्या साइट्स वर्षानुवर्षं दुरुस्त करताना हीच यादी फिरून फिरून समोर येते. साइट २००६-०८च्या सुमारास कुणा उत्साही कार्यकर्त्याने बनवलेली असते, तो आता पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत असतो, आणि पासवर्ड कुणाकडे आहे हे शोधण्यात पहिला आठवडा जातो.

खालच्या तपासण्या फुकटात होणाऱ्या आधी आणि डोकं खाणाऱ्या नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. फाइलचं नाव चुकलेलं असताना सर्व्हरची सेटिंग उकरत बसलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. आणि काहीही बदलण्याआधी त्या पानाची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या.

१. फाइल थेट उघडून बघा

पानावर कंट्रोल आणि यू दाबलं की पानाचा मूळ कोड उघडतो. त्यात व्हिडिओच्या फाइलचा पत्ता शोधा, कॉपी करा आणि नव्या टॅबमध्ये टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण दोष कुठल्या बाजूला आहे ते इथेच कळतं.

व्हिडिओ चालला तर फाइल ठीक आहे, गडबड पानातल्या कोडमध्ये. 'सापडलं नाही' असं आलं तर पत्ता चुकलाय किंवा फाइल उडाली आहे. चालण्याऐवजी फाइल डाउनलोड होऊ लागली तर बहुधा फाइलचा प्रकार जुना आहे, नाहीतर सर्व्हर तिची ओळख चुकीची करून देतोय. मुखपृष्ठ उघडलं तर सर्व्हर हरवलेल्या फाइलची चौकशी गुपचूप मुखपृष्ठाकडे वळवतोय. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच वेळी इनकॉग्निटो खिडकीत आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पान उघडून बघा. ब्राउझरमध्ये बसवलेलं, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन व्हिडिओ खाऊन टाकतं आणि आपण साइटला बोल लावत बसतो.

२. नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का

बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं, आणि तिथे इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरं. विंडोजवर हा भेद पाळला जात नाही. म्हणून साइट घरच्या संगणकावर चालते आणि चढवल्यावर बंद पडते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं एक्स्टेंशन (नावात टिंबानंतर येणारी अक्षरं) बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत असतं, कोडमध्ये लहान लिहिलेलं असतं. नावातल्या मोकळ्या जागा आणि देवनागरी अक्षरंही होस्टिंग बदलताना त्रास देतात. फाइलला साधं, लहान इंग्रजी अक्षरांतलं नाव द्या आणि विषय संपवा.

३. टॅग बंद केलाय का

व्हिडिओखालचं पान गायब होत असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच असतं.

'आयफ्रेम' हा पानातल्या चौकटीत दुसरं पान किंवा व्हिडिओ लावणारा टॅग. तो उघडावा लागतो आणि स्वतंत्रपणे बंदही करावा लागतो. काही जण उघडतानाच शेवटी तिरकी रेघ मारून मोकळे होतात. एक्सएचटीएमएल, म्हणजे पानं लिहायच्या एचटीएमएल भाषेचा कडक प्रकार, चालायचा त्या काळातली ती सवय आहे. साध्या एचटीएमएलमध्ये ब्राउझर ती रेघ मोजतच नाही. त्याच्या मते 'आयफ्रेम' अजून उघडाच आहे, आणि खाली येणारा सगळा मजकूर, तळपट्टीसकट, त्याच्या पोटात गेलेला आहे. 'आयफ्रेम'च्या पोटातलं ब्राउझर दाखवत नाही, त्यामुळे पान तिथेच संपतं. 'व्हिडिओ' आणि 'ऑब्जेक्ट' (व्हिडिओ, पीडीएफ अशी फाइल पानात बसवणारा) या टॅगांनाही असंच अर्धवट मिटलं तर तोच प्रकार होतो.

उलट 'एम्बेड' (हाही फाइल पानात बसवणारा), 'सोर्स' (फाइलचा पत्ता सांगणारा) आणि 'पॅरम' ('ऑब्जेक्ट'च्या सेटिंग सांगणारा) यांना बंद करणारा टॅग नसतोच. कुणी 'एम्बेड' उघडून, मध्ये सूचना लिहून, खाली बंद केलेला दिसला तर ती सूचना 'एम्बेड'ची राहत नाही. ती पानावर मोकळी पडते आणि व्हिडिओ व्यवस्थित चालू असतानाही 'तुमचा ब्राउझर जुना आहे' असं लोकांना सुनावते.

४. पत्ता एचटीटीपी की एचटीटीपीएस

साइटला कुलूप लागलं, म्हणजे पत्त्यात एचटीटीपीच्या जागी सुरक्षित एचटीटीपीएस आलं, आणि आतल्या व्हिडिओंचे पत्ते जुन्या एचटीटीपीचेच राहिले, तर ब्राउझर मध्ये पडतो. 'आयफ्रेम', 'ऑब्जेक्ट' आणि 'एम्बेड' तो सरळ अडवतो. 'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ'च्या बाबतीत क्रोम २०२० पासून पत्ता स्वतःच एचटीटीपीएस करून बघतो, तिथे फाइल मिळाली नाही तर गप्प बसतो. एफ१२ दाबून कन्सोल उघडलात तर तिथे लाल अक्षरांत तक्रार लिहिलेली असते. 'होस्टिंग बदललं तेव्हापासून बंद पडलं' असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच बघतो.

५. टॅग कुठल्या जमान्यातला आहे

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. कोडमध्ये खालीलपैकी काय सापडतं ते बघा.

*फ्लॅश.* फाइलचं एक्स्टेंशन एसडब्ल्यूएफ, किंवा 'ऑब्जेक्ट'मध्ये 'क्लास आयडी' म्हणून आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश बंद केलं, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयर स्वतःच फ्लॅशच्या फाइली चालवायला नकार देऊ लागला. प्लेयर पुन्हा टाकून काही होत नाही. 'फ्लॅश प्लेयर डाउनलोड करा' म्हणणाऱ्या साइट्सपासून लांब राहा, तिथून मिळतो तो बहुतेक वेळा व्हायरस.

*यूट्यूबचा जुना कोड.* 'ऑब्जेक्ट'च्या आत 'एम्बेड', आणि पत्त्यात मधोमध एकटं व्ही हे अक्षर. तोही फ्लॅशचाच. सुदैवाने व्हिडिओचा अकरा अक्षरी क्रमांक तोच राहतो. यूट्यूबवर तो व्हिडिओ उघडा, 'शेअर'मधून 'एम्बेड' घ्या आणि मिळालेला 'आयफ्रेम' जुन्या कोडच्या जागी चिकटवा. काही ब्राउझर हा जुना पत्ता आतल्या आत बदलून घेतात, म्हणून 'माझ्याकडे दिसतो, त्यांच्याकडे नाही' असा वाद होतो. वाद घालू नका, कोड बदला.

*पिकासा वेब अल्बमचा स्लाइडशो.* गणेशोत्सवाच्या फोटोंसाठी हा फार वापरला जायचा. स्लाइडशो फ्लॅशवर चालायचा आणि पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. इथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. मूळ फोटो शोधा आणि साध्या चित्रांसारखे लावा.

*'बीजीसाउंड'.* पान उघडताच आवाज वाजवणारा, इंटरनेट एक्सप्लोररचा खास टॅग, आज तो कुणीच वाजवत नाही. त्यात मिडी फाइल असेल तर तीही आजचे ब्राउझर वाजवत नाहीत. एमपीथ्री करून 'ऑडिओ' टॅगमध्ये टाका आणि बटणं दिसू द्या. आपोआप आवाज सुरू करण्याचा हट्ट सोडा. २०१८ पासून क्रोम वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज सहसा सुरू होऊ देत नाही, बाकीचे ब्राउझरही साधारण तसेच वागतात. ऑफिसात चोरून साइट उघडणाऱ्या सभासदांची तेवढीच सोय.

*'ॲपलेट'.* पानात जावा भाषेतले छोटे प्रोग्राम चालवणारा टॅग, शाळांच्या गणित-विज्ञानाच्या पानांवर सापडतो. जावाची प्लगइनं क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केली.

*'मार्की'.* हा मजकूर सरकवणारा टॅग. हाही जुनाट म्हणून यादीत आहे, पण तो अजून सरकतो. दिसायला वाईट दिसतो, बिघाड मात्र नाही. वेळ उरला तर काढा.

आणि एक टॅग आहे त्याला घाईने हात लावू नका: 'फॉन्ट'. जुन्या मराठी साइट्सवर त्यात शिवाजी, डीव्हीबी-टीटीयोगेश किंवा श्रीलिपीचा एखादा फॉन्ट नेमलेला असतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, नसतो. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना देवनागरी चेहरा तो फॉन्ट देतो. 'जुना टॅग' म्हणून 'फॉन्ट' उडवलात की फॉन्ट असलेल्या संगणकावरही पानभर चिन्हांचा चिवडा. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग टॅग काढा. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा, आणि नंतर ऱ्हस्व इकार आणि रफार डोळ्यांनी तपासा. त्या फॉन्टांमध्ये इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप झालेला असतो, कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो. 'इथे क्लिक करा' ही पर्यायी ओळही अशाच फॉन्टमध्ये लिहिलेली असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

६. पर्यायी मजकूर कुठे ठेवलाय

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समज असा असतो की टॅगच्या पोटात ओळ लिहिली की व्हिडिओ बिघडल्यावर ती आपोआप वर येईल. हे एकाच टॅगच्या बाबतीत खरं आहे, तो म्हणजे 'ऑब्जेक्ट'. फाइल मिळाली नाही किंवा ब्राउझरला तो प्रकार दाखवता येत नसेल, तर 'ऑब्जेक्ट' आपल्या पोटातला मजकूर दाखवतो. म्हणून पीडीएफसाठी मी अजून 'ऑब्जेक्ट'च वापरतो आणि आत साधी लिंक ठेवतो. ज्या फोनवर पीडीएफ पानात उघडत नाही तिथे निदान लिंक दिसते. 'एम्बेड' वापरलात तर तिथे रिकामी जागाच राहणार, कारण त्याला पोटच नाही.

'ऑब्जेक्ट'ला फसवणारी गोष्ट एकच, पहिल्या तपासणीत दिसलेली. फाइल हरवली असताना सर्व्हरने 'सापडली नाही' असा ४०४ द्यायला हवा. तो न देता, सगळं ठीक असल्याच्या थाटात मुखपृष्ठ पाठवलं, तर 'ऑब्जेक्ट'च्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. तो ते मुखपृष्ठ चौकोनात लावून टाकतो. हरवलेल्या पानांना मुखपृष्ठाकडे वळवणारं वर्डप्रेसचं प्लगइन बंद केलं की पर्यायी ओळ दिसू लागते.

'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ' यांचा हिशेब वेगळा. त्यांच्या पोटातला मजकूर, ज्या ब्राउझरला हा टॅगच माहीत नाही त्याच्यासाठी असतो. इंटरनेट एक्सप्लोररला 'व्हिडिओ' टॅग २०११ साली नवव्या आवृत्तीत आला. म्हणजे तुमची ती ओळ आठव्या एक्सप्लोररवाल्यांसाठी आहे, आणि ते आता उरलेले नाहीत. फाइल हरवली, नेट तुटलं, कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत) चालला नाही, यातल्या कशानेही ती ओळ दिसणार नाही.

'आयफ्रेम'च्या पोटातलं तर कधीच दिसत नाही, आतली साइट बंद पडली तरीही. 'एम्बेड'ला पर्यायी मजकूर देण्यासाठी असलेल्या 'नोएम्बेड'चंही तेच. 'एम्बेड' ओळखणाऱ्या ब्राउझरने तो लपवायचा अशी त्याची रचना, आणि आज सगळेच ब्राउझर 'एम्बेड' ओळखतात. 'ॲपलेट'चं मात्र उलट झालं. आजच्या ब्राउझरला तो टॅग अनोळखी आहे, म्हणून त्याच्या पोटातली 'जावा सुरू करा' ही सूचना आता कायम दिसते आणि बिचारे शिक्षक जावा शोधत फिरतात.

जुन्या फ्लॅश कोडमध्ये आणखी एक गंमत. 'ऑब्जेक्ट' चालत नाही म्हणून ब्राउझर त्याच्या पोटात जातो. तिथे पर्याय म्हणून ठेवलेला असतो 'एम्बेड', तोही फ्लॅशचाच. त्याला पुढे पर्याय देता येत नाही. साखळी तिथे खुंटते आणि करडा चौकोन उरतो.

मग उपाय? व्हिडिओच्या खाली, टॅगच्या पूर्ण बाहेर, साधी लिंक द्या: 'व्हिडिओ फाइल उघडा, एमपीफोर, ४० एमबी'. ती नेहमीच दिसते, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि मोबाइल डेटा जपणाऱ्याला आकारही कळतो. छोट्या साइटला एवढं पुरतं.

बिघडल्यावरच सूचना दाखवायची असेल तर थोडी जावास्क्रिप्ट लागते, आणि तिथे एक खाच आहे. फाइलचा पत्ता थेट 'व्हिडिओ'वर असेल तर 'एरर' ही घटना 'व्हिडिओ'वर घडते. पत्ते आतल्या 'सोर्स' टॅगांवर असतील तर ती त्या 'सोर्स'वर घडते आणि वर 'व्हिडिओ'पर्यंत पोचत नाही. म्हणून शेवटच्या 'सोर्स'वर कान ठेवावा लागतो. दोन्हीकडे पत्ते दिले असतील तर 'सोर्स'कडे ब्राउझर बघतही नाही.

ऐकू न येणाऱ्यांची सोय म्हणून कुणी संवाद टॅगच्या पोटात लिहितात. तेही चुकीच्या जागी. त्यासाठी 'ट्रॅक' टॅग आणि उपशीर्षकांची वेबव्हीटीटी फाइल आहे. ती फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायचा प्रकार) मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठी उपशीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

७. फाइलच्या आत काय आहे

एमपीफोर हा नुसता डबा. आतलं चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी असेल तर ती फाइल आज जवळजवळ सगळीकडे चालते. आयफोनने काढलेले व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकमध्ये असतात. आवाज येऊन चित्र काळं राहतं ते बहुतेक वेळा यामुळे. व्हीएलसीमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि जे दाबलं की कोडेक दिसतो.

एव्हीआय, डब्ल्यूएमव्ही, एफएलव्ही, कीर्तनांच्या जुन्या रिअलऑडिओ फाइली, या सगळ्या बदलूनच घ्याव्या लागतात. व्हिडिओसाठी हँडब्रेक हा फाइली बदलणारा प्रोग्राम पुरतो. त्यात 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकटीत टिचकी करायला विसरू नका. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटाकडून सुरुवातीला येते, आणि पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता व्हिडिओ सुरू होतो. ध्वनिफितींसाठी एफएफएमपेग हा तसाच प्रोग्राम. मूळ फाइली बदलल्यावरही पुसू नका. कीर्तनकार हयात नसतील तर ती एकमेव प्रत असू शकते.

८. सर्व्हर काय म्हणतोय

एफ१२ दाबून 'नेटवर्क' टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा आणि व्हिडिओच्या ओळीवर क्लिक करा. दोन गोष्टी बघायच्या. 'कंटेंट टाइप' समोर व्हिडिओ/एमपीफोर असं हवं. साधा मजकूर किंवा ऑक्टेट-स्ट्रीम असेल तर होस्टिंगवाल्यांना एमपीफोरचा प्रकार नोंदवायला सांगा. दुसरं म्हणजे उत्तराचा क्रमांक. फाइलचे तुकडे देणारा सर्व्हर २०६ देतो. आयफोनला व्हिडिओ तुकड्यांनी मागायची सवय आहे. सर्व्हर दर वेळी अख्खी फाइल २०० म्हणून पुढे करत असेल तर लॅपटॉपवर चालतं आणि आयफोनवर अडतं. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतून फाइल देणाऱ्या घरगुती स्क्रिप्टमध्ये हा दोष हमखास.

'आयफ्रेम'मध्ये दुसऱ्या कुणाची साइट लावली असेल आणि कन्सोलमध्ये 'फ्रेम'ला नकार दिल्याची ओळ असेल, तर त्या साइटने स्वतःला चौकटीत लावायला बंदी केली आहे. तुमच्या बाजूने उपाय नाही. लिंक द्या.

कुठे थांबायचं

कोडमध्ये तुम्ही न टाकलेला, एक पिक्सेल रुंदीचा किंवा लपवलेला 'आयफ्रेम' अनोळखी पत्त्याकडे जाताना दिसला, तर तिथेच हात थांबवा. साइटमध्ये कुणीतरी शिरलं आहे. तो टॅग नुसता पुसलात तर दोन दिवसांत परत येतो, कारण शिरायची वाट उघडीच असते. हे काम जाणकाराचं.

फ्लॅशमध्ये नुसता व्हिडिओ नसून खेळ, प्रश्नमंजूषा किंवा नकाशा असेल तर आधी रफल हे फुकट साधन लावून बघा. ते फ्लॅशच्या फाइली ब्राउझरमध्ये चालवतं, इंटरनेट आर्काइव्हही २०२० पासून तेच वापरतं. साध्या ॲनिमेशनला बऱ्याचदा चालून जातं. नंतरच्या काळातल्या, ॲक्शनस्क्रिप्ट ३वर बांधलेल्या गुंतागुंतीच्या फाइली अडल्या तर त्या नव्याने बांधाव्या लागतील, तिथे खर्च आहेच.

जुने टॅग डेटाबेसमध्ये शेकडो लेखांत विखुरलेले असतील तर 'शोधा आणि बदला' स्वतः चालवू नका. एक चुकीचा नमुना आणि अख्ख्या साइटचे लेख अर्धवट कापले जातात. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोठ्या प्रमाणात असेल तरीही माणूस बोलवा, आणि मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरा.

बोलावण्याआधी एवढं जमवून ठेवा: होस्टिंग आणि डोमेन यांचे पासवर्ड, डोमेन कुणाच्या नावावर आहे ते, साइटची पूर्ण प्रत, मूळ व्हिडिओ आणि ध्वनिफिती, कन्सोलमधल्या लाल ओळींचा स्क्रीनशॉट, आणि वरच्या कुठल्या तपासण्या करून झाल्या त्याची टिपणी. हे हातात नसेल तर पहिल्या भेटीचे पैसे पासवर्ड शोधण्यातच जातात.